मंगळवारी भेटू

राजीनामा एका पानाचा होता.
नियमाप्रमाणे तीस दिवस आधी दिलेला,
खाली सही, तारीख, आणि क्लबच्या शिक्क्यातला
अर्धवट उठलेला जांभळा मासा.
अध्यक्ष लायोश म्हणाले, "एमोके,
शेवटच्या मॅचपर्यंत पोरांना बोलू नका.
त्यांचं लक्ष पाण्यात राहू दे."

मी मान डोलावली.
चौदा वर्षं पोरांना हेच तर शिकवलं:
मान वर, नजर वर, वरचं सगळं शांत;
खाली पाय मात्र अंडं फेटल्यासारखे
गरगर, गरगर, न थांबता.
तळाला पाय टेकायचा नाही.
वॉटरपोलोत तळ नसतोच असं समजायचं.

पाण्याखालचं रेफरीला दिसत नाही.
कोणाचा गुडघा कोणाच्या बरगडीत गेला,
कोणी कोणाची चड्डी धरून ठेवली,
वर फक्त बुडबुडे येतात.

तिसा नदीपलीकडून फोन आला तो ऑक्टोबरात.
तिथला पूल बारा महिने गरम.
इथे थंडीत पाण्यावर फुगवलेला तंबू,
बॉयलर रुसला की पोरांचे ओठ निळे.
तिथे पगार पहिल्या तारखेला.
इथे लायोश खिसे चाचपत म्हणतात, "पुढच्या आठवड्यात नक्की."
शिवाय आईच्या डोळ्याचं ऑपरेशन.
कारणं खरी आहेत सगळी.
इतक्या वेळा मोजलीत
की आता खिशातल्या फोरिंटांसारखी
चालताना वाजतात.

फोन ठेवता ठेवता तो माणूस सहज बोलला,
"तुमचा तो डावखुरा, आणि लाल टोपीतली गोलकीपर,
त्यांनाही आमचं पाणी मानवेल."
मी नाही म्हटलं.
इतक्या चटकन म्हटलं की स्वतःचं कौतुक वाटलं.
रात्री अंथरुणात आठवलं,
त्या दोघांबद्दल त्याला सांगितलं कोणी?
मीच. मागच्या उन्हाळ्यात,
माशाच्या सूपवर, दुसऱ्या ग्लासानंतर,
आईनं लेकरांचं सांगावं तसं.
दोन्ही क्लब एकमेकांना पाण्यात पाहतात
हे ठाऊक असूनही.

शुक्रवारी चेंगे केस पुसत आली,
बारा वर्षांची, कानांवर टोपीचे वळ.
"नेनी, तो लांबचा थ्रो मंगळवारी दाखवाल?"
"मंगळवारी भेटू," मी म्हटलं.
खोटं नव्हतं.
मंगळवारी मी येणारच होते,
किल्ल्या द्यायला.

रविवारी नऊ-आठनं जिंकलो.
ओल्या टॉवेलांच्या वासात लायोशनी सांगून टाकलं.
कोणी रडलं नाही. मी तयारी ठेवली होती रडण्याची,
त्यांच्या.
बेंदेगूझनं हात वर केला, शाळेतल्यासारखा.
"एप्रिलात आम्ही तुमच्याविरुद्ध खेळणार?"
हो.
"मग आमच्या खुणा त्यांना सांगणार?"
नाही. कधीच नाही.
"पण तुम्हाला माहीत तर आहेत."

यावर नियमात कलम नाही.
मी पुस्तिका पाहिली, दोनदा.
नोटीस किती दिवसांची, ते आहे.
खेळाडू फोडू नयेत, तेही आहे.
माहीत असलेलं कुठे ठेवून जायचं,
कोणत्या लॉकरमध्ये, कोणाच्या सहीनं,
ते नाही.

मंगळवारी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.
तंबूत वाफ होती. नव्या कोचचा आवाज अजून
पाण्यावर बसलेला नव्हता.
मी दाराशी उभी राहिले, कोट न काढता.
झोंबोरनं नाकाला बोट लावलं.
पूर्वी कानाला लावायचा.
चेंडू उजवीकडे जाईल असं वाटलं, डावीकडे गेला.
मग कोणीतरी दोनदा पाणी थोपटलं,
त्याचा अर्थ मला लागलाच नाही.
बरं वाटलं.
पोटात कुठेतरी गुडघा बसल्यासारखंही वाटलं.

गोलमधून चेंगेनं हात उंच केला,
पाच बोटं, ताठ.
मला केला, की त्यांच्यातली ती नवी खूण होती,
कोण जाणे.
मी माझाही हात वर नेला, अर्धा,
आणि केस सारखे केले.